गिऱ्हाईक राहतं तिथे

पुण्याचे प्रोग्रॅमर बंगळुरूला का जातात, यावर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये फार सखोल चर्चा होते, कारण वेळ भरपूर असतो. कुणी म्हणतं पगार, कुणी म्हणतं हवा. ट्रॅफिकला कंटाळून जातात असं मात्र कुणी म्हणत नाही. बंगळुरूचा सिल्क बोर्ड चौक सगळ्यांना ऐकून माहीत आहे.

माझा संशय सेल्सवाल्यांवर आहे. इन्फोसिस १९८१ साली निघाली ती पुण्यात, दहा हजार रुपयांच्या भांडवलावर. १९८३ मध्ये बिऱ्हाड बंगळुरूला हललं, कारण मायको हे गिऱ्हाईक तिथलं. हवेचा काही संबंध नाही. पुणेकर अजून हळहळतात, 'आपली कंपनी गेली हो!' त्या वेळी आपण तिच्याकडून काही विकत घेत होतो का, हे विचारायचं नसतं. चेन्नईत २०१० साली जन्मलेल्या फ्रेशवर्क्सनेही पुढे मुख्यालय थाटलं ते कॅलिफोर्नियात.

आम्हा प्रोग्रॅमरांना हे पटत नाही. कोड सुबक असला की गिऱ्हाईक वास काढत दारात येतं, अशी आमची श्रद्धा. ती मोडायला आमच्या स्टार्टअपमध्ये एक सेल्सवाला होता. डेमोत समोरच्यानं विचारलं, "हे ऑफलाइन चालतं का?"

"चालतं ना सर!" आणि माझ्याकडे वळून, "चालतं ना रे?"

मी नंदीबैलासारखी मान डोलावली. मग पुढचे दोन आठवडे जागून ते खरोखर चालवलं. त्याला शिव्या रोज घातल्या. पगार वेळेवर झाला त्या दिवशी जरा कमी घातल्या.

आमच्या टीममधला एक पोरगा तर इतका अबोल, की गिऱ्हाइकाचा फोन आला की वॉशरूमला जायचा. त्यानं राजीनामा दिला आणि नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये त्याला कंठ फुटला. पहिली ऑफर दाखवून दुसरी मिळवली, दुसरी दाखवून तिसरी. एचआरच्या बाईंशी घासाघीस अशी, की आमचा सेल्सवाला शेजारी खुर्ची ओढून ऐकत बसायचा. शेवटी बंगळुरूचं पॅकेज जवळजवळ दुप्पट झालं.

फाउंडर न राहवून म्हणाले, "अरे, तू सेल्समध्ये का येत नाहीस?"

"छे हो सर," तो लाजला, "मला लोकांशी बोलायला जमत नाही."