उद्घाटन कधी?

कामाची चौकशी आली की काचवाले दादा आधी चौरस फूट विचारत नाहीत. काच किती जाडीची हवी, हेही विचारत नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला: "उद्घाटन कधी?" दुसरा: "पाहुणे कोण?" या दोन उत्तरांवर अर्धं कोटेशन तयार होतं. उरलेलं अर्धं त्यांची भाची एक्सेलमध्ये बसवते.

पुण्यात बाणेरपासून खराडीपर्यंत कुठल्याही अर्धवट इमारतीच्या दारात तुम्हाला एक दादा सापडतील. पांढरा शर्ट, खिशात लेझर मीटर, कमरेला पोलादी टेप. लेझर फक्त क्लायंटसमोर काढायचं, माप मात्र टेपनंच घ्यायचं. सुरुवात देवांच्या तसबिरींना काचा बसवण्यापासून झालेली. तेव्हा दुकानावर 'काच कापून मिळेल' अशी पाटी होती. आता कार्डावर 'फसाड सोल्युशन्स' आहे, आणि काच कापून मिळत नाही.

खरंच मिळत नाही. टफन्ड काच सहाशे अंशांच्या वर तापवून वाऱ्याच्या झोतानं झटकन गार करतात. एकदा ती भट्टीतून बाहेर आली की तिला ना कलम चालते, ना ड्रिल. हँडलचं भोक, कुलपाची खाच, सगळं आधीच करून घ्यायचं; मागाहून छेडलं तर अख्ख्या काचेचा चुरा हातात. म्हणजे आधी भिंत पुरी व्हायला हवी, मग माप, मग ऑर्डर, मग भट्टी. त्यात साइटवर दादांचा नंबर सगळ्यात शेवटी. गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फॉल्स सीलिंगवाला, सगळ्यांनी आपापले आठ-आठ दिवस खाऊन झालेले असतात आणि पत्रिका छापून आलेली असते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. दादांचा अनुभव जरा वेगळा: अक्कल असते, घासाघीस करायला वेळ नसतो.

तरीही निविदा उघडली की एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचे, दादाच. हे कसं, हा प्रश्न आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात बरेच दिवस चघळला गेला. उत्तर कोटेशनच्या तळाशी होतं. वरच्या ठळक ओळीत काचेचा दर, वाचून पर्चेसचे साहेब खुर्चीत सैलावतात. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: भोकं, खाचा, कडांची पॉलिश, पॅच फिटिंग, फ्लोअर स्प्रिंग, सिलिकॉन, परांची, दहा फुटांवरची चढाई आणि जीएसटी वेगळा. तेव्हापासून आम्ही दादांचं कोटेशन उर्दूसारखं उजवीकडून नाही, पण खालून वर नक्की वाचतो.

समोरासमोरच्या बैठकीत तर त्यांना तोड नाही. नमुन्याचा तुकडा ते टेबलावर आडवा ठेवतात आणि त्याच्या मधोमध हातोडी घालतात. काच ढिम्म. दुसऱ्यांदा घालतात. मॅडम दचकतात, साहेब माना डोलावतात. टफन्ड काचेची ताकद पोटात असते, दुखणं कडेला. कोपऱ्यावर नुसती टिचकी बसली तरी सगळी काच टेबलभर पसरेल. दादांची हातोडी इतक्या वर्षांत कधी कोपऱ्याकडे भरकटलेली नाही. याला मी कौशल्यच म्हणतो.

समजा एखादा प्रतिस्पर्धी त्यांच्याही खाली गेलाच, तर दादा चिडत नाहीत. चहाचा घोट घेतात आणि हळूच विचारतात, "त्यांनी हीट सोक धरलंय ना?" साहेबांना माहीत नसतं. ते प्रतिस्पर्ध्याला फोन लावतात, त्यालाही माहीत नसतं. मग दादा खालच्या आवाजात सांगतात: काचेत कधी कधी निकेल सल्फाइडचा डोळ्याला न दिसणारा कण राहतो. बसवल्यावर वर्षा-दोन वर्षांनी तो फुगतो आणि रात्री दोन वाजता, ऑफिसात कोणी नसताना, काच आपली आपण फुटते. म्हणून काच पुन्हा तीनशे अंशांच्या आसपास तापवून ठेवायची, म्हणजे जी फुटणार ती भट्टीतच फुटते. यातलं अक्षरही खोटं नाही. फक्त त्यांच्या कोटेशनमध्येही हीट सोक 'वेगळा' या रकान्यात आहे, एवढं सांगायचं राहून जातं.

साहेब शेवटचा डाव टाकतात. "बारा एमएमऐवजी दहा घेतली तर?"

"चालेल की. बारा एमएमचा चार बाय आठचा एक तुकडा नव्वद किलोचा, माझ्या पोरांची कंबर वाचेल. फक्त एमडी साहेबांना सांगा, दाराला रेलून फोनवर बोलू नका."

बारा एमएम पास होते.

मग साइट. भिंतीला ओळंबा लावला की ती माथ्यापासून पायापर्यंत चौदा मिलिमीटर कललेली निघते. दादांना ओळंब्यात असलेली भिंत मनापासून आवडत नाही. ते गवंड्याला बोलावतात, प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात टाकून ओळंब्याशेजारी फोटो काढतात आणि तो सगळ्यांना मेल करतात: 'फट सिलिकॉननं भरता येईल. तेवढं सिलिकॉन बीओक्यूत नाही.' बीओक्यू म्हणजे ठरलेल्या कामांची यादी. बिलातलं पाच टक्के रिटेन्शन पुढं वर्षभर अडकणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. ते या चौदा मिलिमीटरमध्येच वसूल होतं.

पण काम चोख, हे कबूल करायला हवं. गेल्या खेपेला एका कंपनीच्या नव्या ऑफिसात आदल्या रात्री दोनपर्यंत स्वतः उभं राहून त्यांनी काचा पुसून घेतल्या. पोरांनी मारलेली चुन्याची फुलीसुद्धा खरवडून काढायला लावली. सकाळी फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि प्रमुख पाहुणे कात्री हातात घेऊन हसत हसत थेट बंद दारावर गेले. कात्री वाचली, काच वाचली, नाक थोडं सुजलं. कोणी बर्फ आणायला धावलं, कोणी फोटोग्राफरला आवरायला. दादा शांतपणे पुढं आले, आधी काचेवरचा नाकाचा डाग रुमालानं पुसला, मग पर्चेसच्या साहेबांना बाजूला घेतलं.

"डोळ्यांच्या उंचीला फ्रॉस्टेड फिल्मचा पट्टा लागतो साहेब. नियमच आहे. तुम्हीच बीओक्यूतून काढला होता. संध्याकाळपर्यंत कोटेशन पाठवतो. बाकी मजल्यांचंही त्यातच धरू ना?"