नशा कमी, निगा फार

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजा कायदेशीर झाला, तेव्हा मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडच्या मराठी आईबापांना पोरांचा घोर लागला. पोरांनी दोन दिवस थट्टामस्करी केली आणि ती आपापल्या कामाला लागली. हाताबाहेर गेले ते पन्नाशी ओलांडलेले काही इंजिनिअर. त्यांना व्यसन लागलं असं कुणी म्हणणार नाही, कारण व्यसनाला थोडा गाफीलपणा लागतो आणि तो या मंडळींच्या अंगात औषधालाही नसतो. कुणी पाठदुखीसाठी, कुणी झोपेसाठी म्हणून एक हातात मावणारं वाफेचं यंत्र घरात आणलं. वर्षभरानं कायद्यानं गांजाच्या अर्कालाही मुभा दिली आणि यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

या जमातीतल्या प्रत्येकाला आपण ‘पंत’ म्हणू. खरं नाव सांगायला ते परवानगी देणार नाहीत. कायद्याची भीती नाही, पण मंडळाच्या गणपतीची वर्गणी तेच गोळा करतात.

पंतांचं यंत्र जर्मनीतलं, टुटलिंगेन गावचं. स्टोर्झ अँड बिकेल कंपनीचं मायटी. “ज्या गावात ऑपरेशनची हत्यारं बनतात ना, त्याच गावचं आहे,” हे वाक्य ऐकल्याशिवाय त्यांच्या घरात चहा मिळत नाही. यंत्र मुळात सुक्या गांजासाठी. रोझिन किंवा शॅटरसारखा अर्क नुसता कप्प्यात टाकला, तर तो तापून पातळ होतो आणि जाळीतून खाली गळून बसतो. म्हणून अर्कासाठी वेगळी गादी मिळते: बारीक स्टीलच्या तारांचा गुंतवळा दाबून केलेली, नखाएवढी चकती. अर्क तिच्यात मुरतो आणि तिथूनच त्याची वाफ होते. एवढीशी ती गादी, पण पंतांकडे तिच्या तीन पिढ्या नांदतात. एक वापरात, एक भिजत, एक वाळत.

पुण्याहून नुकताच नोकरीवर आलेला एखादा मुलगा शनिवारी त्यांच्या तावडीत सापडतो. पंत आधी त्याचं वय विचारतात, कारण ऑन्टारियोत एकोणीस पूर्ण लागतात. मग सोनाराचा काटा निघतो. दाभणासारख्या एका सळईच्या टोकावर तांदळाच्या दाण्याएवढा अर्क येतो, तो चष्म्याखालून आणि चष्म्यावरून असा दोनदा तपासला जातो आणि गादीच्या बरोबर मध्यावर ठेवला जातो.

“काका, झालं का?”

“अरे, मुरू दे! आधी मंद आचेवर वितळायला हवा. आणि आडवं धरू नकोस. आडवं धरलंस की वाहिला कडेला.”

यंत्र ४० अंशांपासून २१० अंशांपर्यंत तापतं. कुठला आकडा धरायचा, यावर पंतांचं व्याख्यान असतं. सुवास १८५ला, जोर २००ला, वर गेलं की घसा धरतो. मुलगा मान हलवतो. एव्हाना वहिनींनी पोळ्या वाढलेल्या असतात. जेवण होतं, आमरसाच्या डब्याची चौकशी होते आणि अखेरीस दोन झुरके मिळतात. त्यांची मजा कळायच्या आत पंत यंत्र हातातून काढून घेतात. “गरम आहे तोवर पुसून घ्यावं लागतं.”

खरा सोहळा आत्ता सुरू होतो. मला विचाराल, तर आधीचं सगळं निमित्त आहे. वाफ ओढताना पंतांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, त्याच्या दसपट कान साफ करायच्या कापूसकाडीचं टोक पिवळं होऊन बाहेर येताना दिसतो. काडी आधी स्वतः बघतात, मग दुसऱ्याला दाखवतात. जावयाला दाखवताना मी त्यांना डोळ्यांनी पाहिलंय.

मग शीतक खोलायचा. वाफ गार करणारा हा भाग सुटा होतो, त्याच्या जाळ्या निघतात, रबरी कड्या निघतात. जाळ्या आणि गाद्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवायच्या. तेही ९९ टक्क्यांचं. सत्तर टक्क्यांचं कुणी आणलं तर पंत त्या बाटलीकडे दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याकडे बघावं तसं बघतात. राळ अल्कोहोलात विरघळते, पाण्यात नाही, त्यामुळे या बाबतीत शास्त्र त्यांच्या बाजूचं आहे. कड्या मात्र त्यात ठेवायच्या नाहीत; त्या फुगतात. त्यांना कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. नंतर सगळं स्वच्छ पाण्यातून काढून टिपकागदावर मांडायचं, पूर्ण वाळू द्यायचं, जोडायचं आणि अल्कोहोलचा वास जाईतो यंत्र एकदा रिकामं तापवायचं. तोवर कुणी हात लावायचा नाही.

भिजवायची बरणी लोणच्याची. तिच्यावर ‘लोणचे नव्हे’ अशी चिठ्ठी डकवलेली आहे, कारण एकदा वहिनींच्या मावशींनी झाकण उघडून वास घेतला होता. तळाशी तपकिरी गाळ साठतो. काही लोक अल्कोहोल उडवून तो पुन्हा वापरतात. पंत अशांशी बोलतात, पण त्यांच्याकडे जेवत नाहीत.

वहिनींचा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. आयसोप्रोपिलची वाफ चटकन पेट घेते, म्हणून धुलाई चालू असताना घरात निरांजन, उदबत्ती, गॅस सगळं बंद. “अहो, तुमच्या त्या नळकांड्यापायी देव अंधारात बसलेत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!” पंत खिडकी उघडतात. बाहेर उणे बारा.

२०२०च्या मार्चमध्ये सगळं जग हात धुवायला लागलं आणि औषधांच्या दुकानांतून आयसोप्रोपिल गायब झालं. त्या काळात पंतांनी यंत्राला हात लावला नाही. अर्क घरात होता, यंत्र चार्ज होतं. पण नंतर साफ करता येणार नाही, तर वापरायचंच कशाला? हा त्यांचा प्रश्न माझ्या मते त्यांच्याविषयी सगळं सांगून जातो. कायदा घराबाहेर साडेसात ग्रॅमपर्यंत अर्क जवळ बाळगू देतो. पंतांची एका ग्रॅमची डबी उन्हाळ्यात उघडली तर पानगळीपर्यंत पुरते. कापूसकाड्यांचा पाचशेचा डबा मात्र महिनाभरही टिकत नाही.

आपल्याकडच्या चिलमीचा विषय काढला की ते अस्वस्थ होतात. वास्तविक चरस हाही अर्कच, तळहातांवर मळून काढलेला. मातीची चिलीम, आत एक खडा, तोंडाशी ओली छापी, झालं बैराग्याचं साहित्य. साफ करायची तर चिंधी ओढायची आरपार. “पण तापमान?” पंत कळवळून विचारतात. “तापमान किती, हे कळणार कसं?” बैराग्याला ते जाणून घ्यायची गरज कधी पडली नाही, हे त्यांना पटत नाही.

भारतात यायचं तर यंत्राला रजा. अर्क कॅनडाच्या सीमेबाहेर नेणं हाच गुन्हा. इकडे १९८५चा अमली पदार्थांचा कायदा उभा आणि २०१९पासून ई-सिगारेटी व तशा उपकरणांच्या आयातीवरही बंदी. पंत कायदा पाळणारे. निघायच्या आदल्या रात्री यंत्र धुऊन, पुसून, मऊ फडक्यात गुंडाळून खणात ठेवतात. झुरक्यांची आठवण त्यांना पुण्यात एकदाही येत नाही. हात मात्र शिवशिवतात. गेल्या खेपेला कोथरूडला बहिणीकडे उतरले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कुकरची रिंग, शिट्टी, मिक्सरच्या भांड्यांची पाती, पाण्याच्या फिल्टरचे वॉशर असं सगळं ओट्यावर पंचावर मांडून बसले. “ताई, ही रिंग कधी बदलली होतीस?” ताईंनी कॅलेंडरकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं आणि खाणावळीतून डबा मागवला.

पंत दर दीड-दोन वर्षांनी नवं यंत्र घेतात आणि जुनं विकतात. वाचकहो, तुम्ही तिकडे राहत असाल, वय आणि कायदा दोन्ही तुमच्या बाजूला असतील आणि असलं काही घ्यायचंच असेल, तर दुकानात जाऊ नका. पंतांचं जुनं घ्या. ते नव्याहून स्वच्छ असतं, कड्यांचा जादा संच फुकट मिळतो आणि किमतीवर घासाघीस केली तरी चालते. फक्त तुम्ही ते कसं ठेवलंय हे बघायला ते महिन्याभरात घरी येतील, तेवढी तयारी ठेवा.