चोराचं आडनाव वाचा

कळंबकराला गंडवायला बक्षिसाची लालूच लागत नाही. 'आपला पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल गोदामात अडकले आहे' एवढा ईमेल पुरतो. कारण आमच्या पत्त्यावर आमचाच भरवसा नाही. एक कळंब यवतमाळ जिल्ह्यात, एक इंदापूर तालुक्यात आणि आमचं मांजराकाठी. त्यात 2023 मध्ये जिल्हा धाराशिव झाला, तरी कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर उस्मानाबाद निघतंच. म्हणजे पार्सल भलतीकडे गेलं असणार हे आम्ही आधीच धरून चालतो. चोराने फक्त 'हो' म्हणायचं.

मेल दिसायलाही झकास. लोगो कंपनीचा, रंग कंपनीचा. 'चुकीची भाषा दिसली की ओळखा' हा जुना सल्ला आता मोडीत काढा. एआयच्या कृपेने चोरांचं व्याकरण सरकारी परिपत्रकापेक्षा बरं झालंय. खाली बटण: 'पत्ता दुरुस्त करा, शुल्क फक्त 5 रुपये.' पाच रुपयांत काय जातंय? जातं ते हे, की ते भरताना तुम्ही कार्डाचा नंबर आणि ओटीपी स्वतःच्या हाताने लिहून देता. टपाल खात्याच्या नावानेही 48 तासांत पत्ता द्या असे एसएमएस फिरले होते. ते बनावट असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबीला जाहीर करावं लागलं.

आता खरी डिलिव्हरी आठवा. कुरिअरचं पोरगं पत्ता वाचतच नाही. फोन करतं, "काका, पार्सल आलंय, कुठं येऊ?" काका म्हणतात, "स्टँडवर थांब, आलोच." जिथे पार्सल असं मिळतं, तिथे पत्ता दुरुस्त करायला मेल कोण धाडतंय? आणि अर्ध्या गावाचा मेल उघडून दिलाय मोबाईलच्या दुकानदाराने, पासवर्ड त्याच्याच वहीत. कॅश ऑन डिलिव्हरीवर साडी मागवणाऱ्या वहिनींनाही 'रिफंड मंजूर' म्हणून मेल येतो. अजून दमडी दिली नाही, परत कसली मिळतेय?

ओळखायचं कसं? पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवा, पूर्ण पत्ता उघडतो. 'ॲट'च्या खुणेपुढचा भाग उजवीकडून वाचा. आपल्याकडे आडनाव शेवटी असतं, तसंच तिथेही. 'अ‍ॅमेझॉन डॉट इन डॉट दिवाळी-रिफंड डॉट टॉप' यात अ‍ॅमेझॉन नुसतं ठेवलेलं नाव, घराणं 'दिवाळी-रिफंड डॉट टॉप'चं. लिंकमध्ये हेच 'https://' नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी बघायचं. एवढी माथापच्ची नको असेल तर मेल तसाच सोडा आणि स्वतः ॲप उघडून 'माय ऑर्डर्स' बघा. पार्सल अडकलं असेल तर तिथे दिसेल.

ओटीपी कुणालाच देऊ नका, हेही अर्धंच खरं. महागडा मोबाईल दारात आला की डिलिव्हरीवाला ओटीपी मागतोच. म्हणून ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा: तो डिलिव्हरीचा आहे की पैसे कापण्याचा, हे त्यातच लिहिलेलं असतं. आणि पैसे मिळवायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही.

तरी फसलात, तर लाजून गप्प बसू नका. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं, असं रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात म्हटलं होतं. तेव्हा आधी बँकेला कळवा, लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 फिरवा. मेव्हण्याला नंतर सांगा.