गव्हांकुरवाले नाना

सकाळी पावणेसातला बेल वाजली की आमच्या घरात 'कोण आहे?' असं कुणी विचारत नाही. दारात नानाच असतात. हातात स्टीलचा पेला, त्यावर बशी. "अनशापोटी आहात ना? घोट घोट घ्या. वीस मिनिटांत पोटात गेला पाहिजे, नाहीतर सत्त्व उडालं!"

सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीत नानांची बाल्कनी म्हणजे बागायत. सात वारांचे सात ट्रे. गहू लोकवनच, रात्रभर भिजवायचा, फडक्यात मोड आणायचे, मातीवर दाट पसरायचा. वीतभर वाढला की कात्री, मिक्सर, गाळणी. ट्रेवर पाटी: 'मंगळवारच्या ट्रेला बुधवारी पाणी घालून पुण्य कमावू नये.' ही नानींसाठी. नानी म्हणतात, "घटाचं धान मीसुद्धा दरवर्षी उगवते. नऊ दिवसांत कधी भाषण केलं नाही."

नाना एकदा उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात दहा दिवस राहून आले. महात्माजींनी 1946 साली तिथे उपचार सुरू केले, हे ते आपण हजर असल्यासारखं सांगतात. अमेरिकेत हा रस लोकप्रिय करणाऱ्या अ‍ॅन विगमोर तर त्यांच्या 'विगमोरबाई', जणू शेजारच्या विंगमधल्या.

"हे हिरवं रक्त आहे," नाना म्हणाले. आमची लेक फार्मसी शिकलेली. ती म्हणाली, "नाना, रेणूची ठेवण सारखी असते, पण हिमोग्लोबिनच्या मधोमध लोह असतं, क्लोरोफिलच्या मॅग्नेशियम."

"मधोमध काहीतरी आहे ना? झालं तर!"

"आणि यातली जीवनसत्त्वं मेथीच्या जुडीतही मिळतात."

"मेथीची भाजी होते. औषध होत नाही."

चवीबद्दल काय सांगावं? सारसबागेत हिरवळ कापणारं यंत्र थेट जिभेवरून फिरवल्यासारखी. वर किंचित गोड, म्हणजे तक्रारीलाही जागा नाही.

गेल्या हिवाळ्यात नानांच्या हृदयाची झडप बदलली. रक्त गोठू नये म्हणून वॉरफेरिनची गोळी सुरू झाली. आहाराची चौकशी झाली तेव्हा नानांनी अभिमानाने रसाचं नाव घेतलं. डॉक्टर म्हणाले, "तो आधी बंद. त्यात के जीवनसत्त्व. गोळी एकीकडे ओढणार, रस दुसरीकडे."

घरी आल्यावर चार दिवस बेल वाजली नाही. ट्रे मात्र वाढत होते. गवताला कुठलं पथ्य? पाचव्या दिवशी पावणेसातला नाना दारात.

"मला बंद आहे. म्हणून वाया घालवू?"

सोफ्यावर बसून ते माझ्याकडे एकटक बघत राहिले. "तुरट लागतोय का? शुक्रवारच्या ट्रेला ऊन कमी पडलं."

"नाही हो, छान झालाय," मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो आणि घोट घोट पेला संपवला.

मिशा नानांनी पुसल्या.