कोण कोणास म्हणाले?

ताडोबाच्या जिल्ह्यात वाघ कमी पडले म्हणून की काय, कारागिरांनी ते फोनवर बनवायला घेतलेत. 2025च्या नोव्हेंबरात ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहात वाघाने माणूस उचलल्याचा व्हिडिओ घरोघरी फिरला. सीसीटीव्हीसारखं धूसर चित्र, कोपऱ्यात तारीख-वेळ, सगळं कसं रीतसर. वनखात्याने खुलासा केला : व्हिडिओ एआयचा. पण खुलासे फॉरवर्ड करायचं पुण्य कोण घेतो? उद्या खरा वाघ वेशीवर आला, तर लोक म्हणतील, ‘एआय असेल.’ ‘लांडगा आला रे’ची ही नवी आवृत्ती.

म्हणून आता प्राथमिक शाळेतच चांगले डिजिटल नागरिक घडवायचे. एका वर्गात पाहिलं. फळ्यावर सुविचार : पासवर्ड कुणास सांगू नये. बापाच्या फोनचा पॅटर्न डोळे मिटून काढणाऱ्या पोरांनी हा सुविचार वहीत सुवाच्य उतरवला. शेवटी उपक्रमाचा फोटो. शाळेच्या फलकासकट सगळे चेहरे मिनिटाभरात तीन ग्रुपवर. 2023चा विदा संरक्षण कायदा अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती मागतो. इथे धड्यातच धडा मोडला.

खरं तर नवा अभ्यासक्रम कशाला? आपल्या मराठीच्या पेपरात जुना प्रश्न आहेच : कोण कोणास म्हणाले?

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. ‘पोरं पळवणारी टोळी आली’ या अफवेवरून भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या अफवेला ‘कोण’ नव्हता. ‘कोणास’ मात्र अख्खा बाजार होता. जमावातल्या किती जणांनी लहानपणी हा प्रश्न सोडवून गुण मिळवले असतील? पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरता आखडण्याचं जाहीर केलं. म्हणजे अफवेने आता रांगेत यायचं.

परवा आमच्या बल्लारपुरात शेजारच्या आजोबांनी नातीला नवा वाघ दाखवला. नात तिसरीत.

‘आजोबा, हे कोण म्हणालं?’

‘ग्रुपवर आलं, बेटा.’

‘ग्रुप म्हणजे कोण?’

आजोबा चष्मा पुसू लागले. पेपर मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस, पेपर कोरा.