विनंतीस मान देऊन

प्रदूषण करणाऱ्याने त्याची किंमत मोजावी हे तत्त्व आता शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचलेले असले, तरी इंग्लंडच्या कायद्याने त्यात जी एक नाजूक सुधारणा केलेली आहे, तिची दखल दंडशास्त्राच्या अभ्यासकांनी घ्यावी तशी घेतलेली नाही. उभ्या गाडीचे इंजिन विनाकारण चालू ठेवणाऱ्या चालकास तेथे दंड होऊ शकतो, परंतु व्यवहारात तो धूर सोडल्याबद्दल होत नसून, धूर सोडणे थांबवा असे सांगितल्यावरही न थांबवल्याबद्दल होतो.

या व्यवस्थेचा आधार असलेले नियम २००२ सालचे आहेत. सिग्नलला किंवा वाहतुकीच्या कोंडीत अडकलेल्या गाडीस त्यांतून सूट असून, रस्त्याच्या कडेला निवांत उभी राहून घरघरणारी गाडी हेच त्यांचे लक्ष्य आहे. अशी गाडी दिसल्यास प्राधिकृत व्यक्तीने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने या कामासाठी नेमलेल्या कर्मचाऱ्याने, प्रथम आपल्या नेमणुकीचा पुरावा दाखवावा आणि मग चालकास इंजिन बंद करण्यास सांगावे, असा क्रम ठरलेला आहे. चालकाने इंजिन बंद केले की प्रकरण मिटते, आणि न केल्यास २० पौंडांची पावती फाडली जाते, जी २८ दिवसांत न भरल्यास रक्कम ४० पौंड होते. कायद्याच्या भाषेत हे सांगणे म्हणजे आज्ञा असली, तरी रस्त्यावर येईपर्यंत तिची विनंती होते, आणि ती लग्नपत्रिकेतल्या विनंतीइतकीच अदबशीर असावी लागते, कारण मान देणारा न देण्यासही मोकळा असतो आणि न दिल्यास होणारा खर्च आहेरापेक्षा फार जास्त नसतो.

या विनंतीची कार्यपद्धती तपशीलवार पाहण्याजोगी आहे. गाडीतील हीटर चालू आहे, बाहेर नोव्हेंबर आहे, चालक मोबाइलमध्ये मान घालून बसलेला आहे आणि कर्मचारी काचेवर टकटक करतो. विनंती ऐकू येण्यासाठी काच खाली करावी लागते. आधुनिक गाडीची काच विजेवर चालते आणि ती वीज इग्निशन चालू असताना, म्हणजे गाडीची विद्युतव्यवस्था जागी असताना मिळते, त्यामुळे इंजिन बंद करण्याची विनंती ऐकण्यासाठी ते चालू असणे चालकाच्या दृष्टीने सोयीचे ठरते. ओळखपत्र दाखवले जाते, ते वाचले जाते, ओळखपत्रावरील छायाचित्र आणि समोरचा लाल नाकाचा मनुष्य यांतील साम्य तपासले जाते, आणि या अवधीत धुराच्या नळीचे काम अव्याहत चालू असते. अखेर चालक सौजन्याने इंजिन बंद करतो, कर्मचारी त्याहून अधिक सौजन्याने आभार मानतो, आणि दोघांची चर्चा हवामानाकडे वळते, जे इंग्लंडमध्ये अपरिहार्य आहे. चर्चा लांबल्यामुळे विद्युतव्यवस्था निजलेली असते, काच उघडीच राहते आणि थंडी आत येते. काच वर करण्यासाठी चालक बटण दाबतो, आणि त्या वेळी सवयीने त्याचा पाय ब्रेकवर असल्यामुळे नुसती वीज सुरू न होता इंजिनच सुरू होते. कर्मचारी तोवर पुढच्या गाडीपाशी पोहोचून खिशातून ओळखपत्र बाहेर काढत असतो.

गेल्या काही वर्षांत या प्रक्रियेत एक तिसरा पक्ष दाखल झालेला आहे. ‘स्टार्ट-स्टॉप’ नावाची यंत्रणा, म्हणजे गाडी थांबताच इंजिन आपोआप बंद करणारी आणि चालकाने पुन्हा इशारा देताच ते सुरू करणारी योजना, बहुतेक नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत बसवलेली असते, म्हणजेच कर्मचाऱ्याने करावयाची विनंती गाडी स्वतःच करते आणि स्वतःच मान्यही करते. मात्र ही यंत्रणा बंद करणारे एक बटणही त्याच गाडीत, हाताला सहज सापडेल अशा जागी दिलेले असते, आणि बंद पाडणाऱ्या यंत्रणेलाच बंद पाडणारे हे बटण मानवी बुद्धिमत्तेच्या कळसांपैकी एक मानावयास हरकत नाही. गाडीने केलेली विनंती चालकाने या बटणाद्वारे रोज सकाळी, काही जण तर पट्टा बांधण्यापूर्वी, धुडकावली तरी त्याला दंड होत नाही, कारण गाडी ही प्राधिकृत व्यक्ती नाही आणि तिच्यापाशी ओळखपत्र नसते.

याच देशाच्या राजधानीत मध्यवर्ती भागात गाडी नेणाऱ्याकडून गर्दीचे शुल्क घेतले जाते. २००३ साली ते दिवसाला ५ पौंड होते आणि २०२० साली १५ पौंडांपर्यंत गेले. जुन्या, अधिक धूर सोडणाऱ्या गाडीसाठी दिवसाला साडेबारा पौंड वेगळे भरावे लागतात. ही दोन्ही शुल्के खांबावरील कॅमेरा गाडीचा क्रमांक वाचून लावतो आणि तो कोणाचीही काच ठोठावत नाही. ‘कृपया आपली जुनी गाडी मागे फिरवाल का’ असे विचारण्याची तसदी तो घेत नाही, आणि शुल्क चुकवल्यास येणारी रक्कम २० पौंडांच्या आसपासही नसते. त्यामुळे कामावर जाण्यासाठी जुनी गाडी चालवणारा गवंडी विनाविनंती पैसे मोजतो, आणि नव्या गाडीत बसून, कोठेही न जाता धूर सोडणाऱ्यासमोर प्रशासन टोपी काढून उभे राहते. गर्दीचे शुल्क तिप्पट झाले त्या काळात इंजिन बंद न करण्याचा दंड २००२ मध्ये होता तेवढाच राहिला, आणि शुल्क वाढवणारी लेखणी या आकड्यापाशी येऊन कशी अडखळली याचे स्पष्टीकरण शाई संपली यापलीकडे संभवत नाही.

इंजिन चालू ठेवण्याचे जे समर्थन चालक करतात तेही अभ्यासण्यासारखे आहे. पुन्हा पुन्हा सुरू केल्याने जास्त इंधन जाते, हे पहिले समर्थन कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या जुन्या साधनाच्या जमान्यातील असून, आजच्या इंजिनांत सुमारे दहा सेकंदांहून अधिक थांबावयाचे असेल तर बंद करणेच स्वस्त पडते. इंजिन गरम राहावे, हे दुसरे समर्थन तर उलटेच आहे, कारण धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणारे उत्प्रेरक उपकरण सुमारे तीनशे अंश तापमानाला पोहोचल्याशिवाय नीट काम करीत नाही आणि थंड गाडी जागेवर घरघरत ठेवल्याने ते फार सावकाश तापते. तिसरे समर्थन ‘पाचच मिनिटे’ हे होय, आणि ते मात्र अकाट्य आहे, कारण शाळेच्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीची पाचच मिनिटे असतात.

शाळेच्या फाटकाचा उल्लेख आल्यावर विवेचनाचा समतोल राखणे अवघड होते, आणि तो राखण्याचे कारणही दिसत नाही. धुराच्या नळीचे तोंड जमिनीपासून फूटभर उंचीवर असते, बाबागाडीतील मुलाचे नाक त्याहून फार वर नसते, आणि त्या धुरातील अतिसूक्ष्म कण, ज्यांचा व्यास अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे माणसाच्या केसाच्या वीस-तिसाव्या हिश्श्याएवढा असतो, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तेथून रक्तातही उतरतात. हे शोधण्यासाठी आता कोणाला प्रयोगशाळा उभारावी लागत नाही. असे असताना, स्वतःच्याच पोराला न्यायला आलेला बाप त्याच पोराच्या श्वासात विष सोडत उभा राहतो, आणि राज्यसंस्था नावाची एवढी मोठी गोष्ट, जिच्यापाशी पोलीस आहेत, तुरुंग आहेत आणि क्रमांक वाचणारे कॅमेरे आहेत, ती त्याच्या खिडकीशी वाकून ‘जमेल का’ म्हणून विचारते. त्याने ‘जमेल’ म्हटले की तोवर सोडलेला सगळा धूर माफ. मुलांनी तो श्वासातून परत करावा अशी विनंती मात्र कोणी करीत नाही. हा निर्लज्जपणा आहे, आणि त्याला सौजन्य म्हणणे हा त्याहून मोठा निर्लज्जपणा आहे.

महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या कुटुंबांचा यात एक विशेष आढळतो, जो समाजशास्त्राने नोंदवून ठेवावा. ज्या पिढीने सिग्नलला स्कूटर बंद करून, आणि घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, जिवाची पर्वा न करता पेट्रोल वाचवले, तिचीच मुले तेथे हीटर लावून वीस-वीस मिनिटे शाळेबाहेर बसतात, म्हणजे जे कोणत्याही कायद्याने सांगितले नव्हते ते पेट्रोलच्या भावाने करून घेतले होते, आणि पगार वाढताच ते सुटले. अर्थात इकडेही तक्रारीस जागा नाही. पीयूसी केंद्रावर, म्हणजे धूर मर्यादेत असल्याचा दाखला देणाऱ्या टपरीवर, पेट्रोल गाडीची तपासणी ती जागेवर उभी करून आणि इंजिन चालू ठेवूनच होते, त्यामुळे या अवस्थेस येथे रीतसर शिक्क्याचे पाठबळ आहे.

न्यूयॉर्क शहराने विनंतीचा हा टप्पाच वगळलेला आहे. तेथे तीन मिनिटांहून अधिक, आणि शाळेजवळ एका मिनिटाहून अधिक, इंजिन चालू ठेवणाऱ्या मालट्रक-बसचे चित्रीकरण करून तक्रार करणाऱ्या नागरिकास दंडाचा चौथा हिस्सा मिळू शकतो. दंड ३५० डॉलरपासून सुरू होत असल्याने काही नागरिकांना हवेविषयी अचानक फार जिव्हाळा वाटू लागलेला आहे, आणि तो खरा आहे की नाही हे फुप्फुसाला समजण्याचे कारण नाही.

इंग्लंडच्या पद्धतीत असा जिव्हाळा विकत घ्यावा लागत नाही, कारण तेथील यश मोजण्याची रीतच वेगळी आहे. कर्मचारी शाळेच्या रस्त्याला वळला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आज तो आलाय’ असा संदेश फिरतो आणि सगळी रांग एकदम शांत होते. कर्मचारी फाटकापर्यंत जाऊन येतो आणि वहीत लिहितो की, विनंत्या शून्य, नकार शून्य, दंड शून्य. वर्षअखेरीस या शून्यांची बेरीज कार्यालयात पोहोचते तेव्हा चालकांनी नियमास उत्स्फूर्त प्रतिसाद दिल्याचा ठराव होतो आणि त्याच बैठकीत पुढच्या विषयाखाली, गरज उरलेली नसल्यामुळे, कर्मचाऱ्याचे पद रद्द केले जाते.