ठाण्याचा समुद्र आणि आमचा हौद

"काकू, तुमच्या हौदात काय वळवळतंय बघितलंत?"

"डासांची पिलावळ, दुसरं काय! पाऊस सरला की दर साली हेच. ह्यांना म्हटलं, आरोग्य केंद्रातनं गप्पी मासे आणा, फुकट देतात. तर उद्या जातो, उद्या जातो."

"आमच्या दादाचं उलट. ठाण्यात बसून त्यानं घरातच समुद्र केलाय. लिटरला ३५ ग्रॅम मीठ, मोजून."

"एवढं मोजून मी आमटीतही घालत नाही! आपलंच मीठ?"

"छे, त्याचं वेगळं मिळतं. तर त्यानं प्रवाळाचा दगड आणला, त्याला चिकटून एप्टेशिया आला. तपकिरी, झुपकेदार प्राणी. शेजारच्या प्रवाळाला डंख मारतो. दादानं खरवडून काढला, तर जिथं तुकडा पडला तिथं नवा."

"हरळीच म्हण की. मग?"

"मग तो खाणारा मासा आणला. कॉपरबँड बटरफ्लाय. लांब चोच, अंगावर तांबूस पट्टे, दिसायला राजबिंडा. पण ह्या जातीतला एखादा एप्टेशिया खातो, एखादा ढुंकूनही बघत नाही. दादाच्यानं एप्टेशिया सोडला आणि दगडातले शोभेचे नळीकिडे तेवढे वेचून खाल्ले."

"तण ठेवलं न् पीक खाल्लं!"

"दुकानदार म्हणाला, फाइलफिश न्या. तो खातो खरा, पण प्रवाळालाही तोंड लावतो. सिक्सलाइन रास म्हणून आहे, तो चपटे किडे टिपतो. पण एकदा टाकीत रुळला की मागनं आलेल्याला जगू देत नाही, म्हणून त्याला सगळ्यांच्या शेवटी सोडायचा. आता दादा पेपरमिंट कोळंबी आणायची म्हणतोय."

"अगं बाई, कोळंबी कीड खाते?"

"एप्टेशिया खाते. तीही मनात आलं तर."

"ऐक, आमचंही तेच झालंय. आरोग्यसेवक सांगत होता, गप्पी दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो. दुसरा तो गंबुशिया, तो १०० ते ३००."

"मग गंबुशियाच आणा की."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणे, तो चावरा. १९२८ साली इटलीहून आपल्याकडे आणला. दुसऱ्या माशांची अंडी खातो, पिल्लं खातो, बेडकाची पिल्लंही सोडत नाही."

"हौदात कुठला आलाय बेडूक?"

"हौदात नाही गं! आपल्याकडचा पाऊस ठाऊक आहे ना? हौद भरून वाहतो. ते पाणी ओहोळात, ओहोळ वेण्णेत, वेण्णा माहुलीला कृष्णेत. ह्यांचा मासा सांगलीला पोचायचा! गप्पीही बाहेरचाच, दक्षिण अमेरिकेतला. म्हणून सांडीला बारीक जाळी लावल्याशिवाय एकही मासा सोडू देणार नाही मी."

"आणि थंडीत? वेण्णा तलावाकडं दव गोठतं. गप्पीला ऊब लागते म्हणतात."

"मरतील काही. गारठ्यात डासही मंदावतात. उन्हाळ्याच्या तोंडावर परत आणायचे."

"पण काकू, हौदाला घट्ट झाकण बसवलं तर मासाच नको."

"झाकण होतं की! ह्यांनी त्यावर बसून पेपर वाचला. आता दोन तुकडे मागच्या दारी आहेत."

"काकांना सांगू का मी?"

"सांग, तुझं ऐकतील. आणि तू पण ऐक. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पिंप आठवड्याला घासून कोरडं कर. तुझ्या स्ट्रॉबेरीच्या कुंड्यांखालच्या ताटल्या उचलून बघितल्यास कधी?"

"त्यात एवढंसं तर पाणी असतं, काकू."

"तेवढं पुरतं त्याला. आणि तिथं ना माझा गप्पी मावायचा, ना तुझ्या दादाचा राजबिंडा. ओत ती आधी."